वाचकांचे प्रश्न : हायवेच्या कडेला वीज पिकते का?

मागच्या महिन्यात या सदरासाठी विषय दिला होता, रस्त्याकडेची सूर्य-वाऱ्याची वीज, आणि प्रश्न मागवले होते. आले भरपूर. निम्म्याहून जास्त जणांनी एकच व्हिडिओ बघितलाय असं दिसतंय, डिव्हायडरवर उभी पाती, शेजारून बस गेली की गरगर फिरतात, आणि खाली लिहिलेलं की बघा किती सोप्पं होतं. तर सुरुवात त्यानेच करू. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे कापलेत.

प्रश्न : हायवेवरून रात्रंदिवस गाड्या सुसाट जातात, त्यांचा वारा फुकट जातो. डिव्हायडरवर उभ्या पवनचक्क्या लावल्या तर केवढी तरी वीज मिळेल. कुणी करत का नाही?

उत्तर : नाही म्हणायला जिवावर येतं, कारण आयडिया दिसायला खरंच भारी आहे. पण आकडेमोड करून बघूया, अवघड नाहीये. साधी कार ताशी 100 किलोमीटरने चालली की हवा बाजूला सारण्यातच तिची साधारण 8 ते 9 किलोवॅट ताकद जाते. आता समजा एका बाजूने तासाला 1000 गाड्या जातायत, म्हणजे बऱ्यापैकी वाहता रस्ता, तर दोन गाड्यांमध्ये 100 मीटर अंतर पडतं आणि एका किलोमीटरवर कुठल्याही क्षणी 10 गाड्या असतात. दहा गाड्यांचे मिळून 85 किलोवॅट, ते पसरले 1000 मीटरवर, म्हणजे रस्त्याच्या एका मीटरला 85 वॅट, दोन्ही बाजू धरल्या तर 170. हे सगळंच्या सगळं हाती आलं तर. ते येत नाही, कारण गाडी काही डिव्हायडरकडे नेम धरून हवा फेकत नाही, हवा वर जाते, खाली जाते, मागे भोवरे होतात आणि बहुतेक सगळं तिथल्या तिथे विरून जातं. पात्यापर्यंत जे पोचतं तेही पूर्ण घेता येत नाही, वाऱ्यातल्या ताकदीपैकी 59.3 टक्क्यांच्या वर कुठलीच पवनचक्की काढू शकत नाही हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच गणिताने दाखवलंय, आणि ही छोटी उभी पाती त्याच्या निम्म्यालाही क्वचितच पोचतात. मी उदार मनाने एकूण पाच टक्के धरतो. हातात आले आठ-साडेआठ वॅट. ट्रक भरपूर असतील तर दुप्पट धरा, कारण ट्रकची हवा ढकलण्यातली ताकद कारच्या चार-पाच पट असते. आणि मध्यरात्री रस्ता मोकळा पडला की तेही गेलं.

त्याच एका मीटरला एक मीटर रुंदीची सोलरची पट्टी लावली तर भर उन्हात 200 वॅट मिळतात, आणि रात्र, संध्याकाळ सगळं धरून चोवीस तासांची सरासरी काढली तरी बऱ्या उन्हाच्या ठिकाणी 33-34 वॅट पडतात. ना बेअरिंग, ना ग्रीस, ना आवाज.

दुसरं म्हणजे वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. एक चौरस मीटरमधून सेकंदाला 4 मीटरचा वारा गेला तर त्यात 39 वॅट असतात, 8 मीटरचा गेला तर 313. म्हणून खऱ्या पवनचक्क्या शंभर मीटर उंच नेऊन बसवतात, तिथे वारा जोराचा आणि सलग असतो. गाडीचा झोत एक-दोन सेकंदांचा, मग शांत, मग परत झोत आणि तोही उलटसुलट. पातं वेग घेईपर्यंत वारा संपलेला असतो. व्हिडिओत ते फिरताना दिसतं हे खरंय, पण मोकळं पातं फुंकरीनेही फिरतं हो, जनरेटरचा लोड लागला की मग कळतं.

तो व्हिडिओ बहुतेक इस्तंबूलचा असणार. तिथल्या मेट्रोबसच्या लेनजवळ एन्लिल नावाचं असं उभं टर्बाइन चाचणीसाठी लावलं होतं, वरती छोटं सोलर पॅनेलही होतं. जागा मात्र हुशारीने निवडलेली, बस मोठी, अगदी जवळून जाणारी आणि एकामागून एक येणारी. बातम्यांमध्ये 'ताशी 1 किलोवॅट वीज' असं छापून आलं. किलोवॅट म्हणजेच वीज बनायचा वेग, त्याला परत 'ताशी' लावायचं काही कारण नाही, त्यामुळे असं वाक्य दिसलं की पुढचे आकडे जरा चिमटीत धरूनच वाचा.

प्रश्न : मी बारावीला आहे. गाडीच्या वाऱ्यातून किंवा स्पीडब्रेकरवर गाडी दाबली जाते त्यातून वीज काढली तर ती ऊर्जा कुठून येते? गाडीचं पेट्रोल जास्त जळतं का?

उत्तर : बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. वाऱ्याच्या बाबतीत उत्तर अंतरावर अवलंबून आहे. पातं लांब असेल तर तिथे पोचलेली हवा नाहीतरी भोवरे होऊन गरमच होणार होती, त्यातलं थोडं घेतल्याने गाडीला काही कळत नाही. पातं अगदी खेटून लावलं तर ते गाडीच्या हवेला अडथळा होतं आणि ती किंमत इंजिन भरतं. बोगद्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. एकाच दिशेची वाहतूक असलेल्या बोगद्यात गाड्या पिचकारीतल्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलतात आणि त्या आपोआप वाहणाऱ्या हवेनेच धूर बाहेर जातो, पंखे कमी चालवावे लागतात. तिथे कुणी टर्बाइन लावून ती हवा अडवली तर पंखे जास्त चालवावे लागणार. म्हणजे एका हाताने वीज काढायची आणि दुसऱ्याने तीच पंख्यात घालायची.

स्पीडब्रेकरचं तर सरळ आहे, गाडी वर चढते ती इंधनावर, प्लेट खाली दबते तेव्हा तीच ऊर्जा तू काढून घेतेस. दाब पडला की वीज देणाऱ्या पिझो क्रिस्टलचीही तीच गोष्ट, 2009 मध्ये इस्रायलमध्ये रस्त्याखाली असे क्रिस्टल पुरून चाचणी झाली होती, ते पुढे रस्तोरस्ती काही पसरलं नाही. जिथे गाडीला नाहीतरी ब्रेक मारायचाच आहे, उतार किंवा एक्झिट, तिथे हे थोडंफार न्याय्य म्हणता येईल, पण इलेक्ट्रिक गाड्या ती ब्रेकची ऊर्जा आता स्वतःच परत बॅटरीत घेतात.

प्रश्न : रस्त्यालाच सोलर पॅनेल करायचं असं परदेशात झालंय ना? लाखो किलोमीटर रस्ते आहेत, वेगळी जागाच लागणार नाही.

उत्तर : झालंय, आणि काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या तुरूव्र गावाजवळ डिसेंबर 2016 मध्ये एक किलोमीटरचा सोलर रस्ता सुरू झाला, 2800 चौरस मीटर पॅनेल, खर्च 50 लाख युरो. पहिल्या पूर्ण वर्षात साधारण दीड लाख युनिट निघाली, दुसऱ्या वर्षी 78 हजारांच्या आसपास. कारणं वाचली तर कपाळाला हात लावाल. पॅनेल ट्रॅक्टरच्या वजनाने तडकले, जोड उखडले, झाडांची पानं पडून चुरा झाली, आणि गाड्यांचा आवाज इतका की तिथली स्पीड लिमिट ताशी 70 वर आणावी लागली. पुढे खराब झालेला एक तुकडा काढूनच टाकला.

चीनमध्ये जिनान शहरात डिसेंबर 2017 मध्ये असाच किलोमीटरभर हायवे सुरू केला, तर काही दिवसांतच पॅनेलचा तुकडा कापून चोरून नेला. अमेरिकेत एका जोडप्याच्या सोलर रोडवेज नावाच्या कंपनीने 2014 मध्ये ऑनलाइन लोकवर्गणीतून 20 लाख डॉलरच्या वर गोळा केले, त्यातून हायवे काही झाला नाही. त्यातल्या त्यात नेदरलँडवाल्यांनी डोकं लावलं, 2014 मध्ये क्रोमनी गावात आधी 70 मीटरचा सायकल ट्रॅकच केला, वर ट्रक येणार नाही. तिथेही पहिल्याच हिवाळ्यात वरच्या थराचा थोडा भाग सुटला. वीज मिळाली चौरस मीटरला वर्षाला 70 युनिट, आजचं चांगलं पॅनेल तिथल्याच छतावर नीट तिरपं लावलं तर याच्या दुप्पट सहज देईल.

रस्ता ही पॅनेलसाठी सगळ्यात वाईट जागा आहे असं माझं मत आहे आणि ते बदलायला मला अजून कारण सापडलेलं नाही. पॅनेल सपाट पडलेलं, त्यामुळे सूर्याकडे तोंड नाही. वर टायरची काळी भुकटी, डिझेलची काजळी. गाड्यांचीच सावली. वजन पेलायला आणि टायर घसरू नये म्हणून काच जाड आणि खरखरीत हवी, ती उजेड खाते. खालून हवा नाही त्यामुळे पॅनेल तापतं, आणि 25 डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते, रस्ता 65 डिग्रीला पोचला तर 12 ते 16 टक्के तिथेच गेले. आणि दुरुस्तीला रस्ता बंद करायचा! छतावरच्या पॅनेलला यातलं बरंचसं सोसावं लागत नाही.

प्रश्न : म्हणजे हायवेच्या कडेला वीज होणारच नाही असं म्हणायचंय का? लेखात तर उलट लिहिलं होतं.

उत्तर : नाही नाही, होते आणि चांगली होते. मागच्या अंकातल्या लेखात हायवेलगतच्या पडीक जागेबद्दल लिहिलं होतं आणि ते बरोबरच आहे, फक्त लोकांचं लक्ष गाड्यांकडे आणि डांबराकडे जातं. हायवेकडे खरी संपत्ती म्हणजे आजूबाजूची रिकामी जागा. भरावाचे उतार, इंटरचेंजच्या गोल वळणांच्या आत अडकलेली जमीन जिथे कुणी पीक घेत नाही की घर बांधत नाही, टोलनाक्यांची छतं, पार्किंग, आणि आवाज अडवायच्या भिंती.

भिंतींची गोष्ट तर सगळ्यात जुनी. स्वित्झर्लंडमध्ये ए13 मोटरवेवर डोमाट-एम्स इथे 1989 मध्ये आवाज अडवणाऱ्या भिंतीवर 100 किलोवॅटचे पॅनेल लावले, सोलर महाग होतं त्या काळात. भिंत बांधायचीच होती, खांब, पाया, जमीन सगळं तिच्याच खर्चात, पॅनेल वर फुकटात बसले असं म्हणा ना. जर्मनीत अशाफेनबुर्गजवळ ए3 वर आवाज कोंडायला रस्त्यावर जे लांबलचक छत घातलंय, त्याच्या 2.7 किलोमीटरच्या पाठीवर 2009 मध्ये पॅनेल घातले. अमेरिकेत ऑरेगनमध्ये दोन इंटरस्टेट हायवे मिळतात त्या इंटरचेंजच्या मोकळ्या जागेत 2008 मध्ये 594 पॅनेल बसवले, 104 किलोवॅट. दिवसा ती वीज ग्रिडला जाते आणि रात्री इंटरचेंजचे दिवे ग्रिडवरून तेवढी परत घेतात, बॅटरीची भानगड नाही.

भिंत उत्तर-दक्षिण धावत असेल तर हल्ली दोन्ही बाजूंनी वीज देणारे उभे पॅनेल लावतात, एक तोंड पूर्वेला, एक पश्चिमेला. यांची वीज सकाळी आणि संध्याकाळी जास्त येते, दुपारी जेव्हा सगळ्यांचंच सोलर भरभरून चालू असतं तेव्हा कमी, म्हणजे ग्रिडला सोयीचं. उभ्या काचेवर धूळही कमी साचते आणि हायवेला तो मुद्दा छोटा नाहीये.

अडचण कुठे येते तर लांबीत. एक मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते, ती एका चौकोनात मिळाली तर केबल छोटी, इन्व्हर्टर एका जागी, कुंपण एक. तीच जागा पाच मीटर रुंद पट्टीत पसरली तर ती तीन-चार किलोमीटर लांब होते, केबल लांब, वीज केबलमध्येच गळते, तांब्याची चोरी वेगळी, आणि जवळचं सबस्टेशन भलतीकडेच असतं. म्हणून मला विचाराल तर आधी इंटरचेंज, मग छतं, मग भिंती, आणि पट्ट्या सगळ्यात शेवटी. जर्मनीने जानेवारी 2023 पासून मोटरवेच्या दोन्ही बाजूंच्या 200 मीटरच्या पट्ट्यात सोलरला बांधकामाची परवानगी सोपी केली, तो मार्ग मला पटतो, कारण 200 मीटर रुंदी म्हटल्यावर नीट चौकोनी प्लांट बसतो.

प्रश्न : मी ट्रक चालवतो. रस्त्याच्या कडेला एवढ्या काचा लावल्यावर डोळ्यांवर चमक येणार नाही का? आणि गाडी रस्ता सोडून त्यात घुसली तर?

उत्तर : चमक खिडकीच्या काचेपेक्षा कमी, कारण पॅनेलचं कामच उजेड आत घ्यायचं आहे आणि वर चमक कमी करणारा थर असतो. पण सूर्य खाली असताना आणि उजेड अगदी तिरपा आला की कुठलीही काच चमकते. त्यामुळे वळणांवर आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांवर लावायच्या आधी वर्षभरातल्या सूर्याच्या जागा धरून चमकेचा हिशोब करतात, आणि त्रास निघाला तर कोन बदलतात किंवा तेवढा तुकडा सोडून देतात. विमानतळांवरही पॅनेल असतात, तिथे पायलटसाठी हाच हिशोब करतात.

घुसण्याबद्दल तुमचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. वेगाच्या रस्त्याला कडेपासून साधारण नऊ मीटर जागा अडथळ्याशिवाय मोकळी ठेवतात, गाडी भरकटली तर सावरायला. पॅनेलचे खांब त्याच्या पलीकडे हवेत नाहीतर समोर क्रॅश बॅरियर हवा. आणि अपघातानंतर तुटलेल्या पॅनेलला हात लावायचा नाही, दिवस असेल तर मेन स्विच बंद केला तरी पॅनेल वीज बनवतच असतात आणि मोठ्या प्लांटमध्ये ती 1000-1500 व्होल्ट डीसी असते. हे तुमच्या क्लीनरलाही सांगा.

प्रश्न : अख्ख्या हायवेवर सोलरचं छप्पर घातलं तर? सावली, वीज आणि पावसापासून बचाव, तिन्ही.

उत्तर : सावलीत डांबर कमी तापतं आणि जास्त टिकतं हे खरंय. जर्मनीत ए81 वर हेगाऊच्या विश्रांतीथांब्याजवळ फ्राउनहोफर ही संशोधन संस्था आणि ऑस्ट्रियाचे लोक यांनी मिळून छोट्या प्रायोगिक छपराचा प्रकल्प हाती घेतला. पण खांब ट्रकच्या धडकेला पुरतील एवढे मजबूत हवेत, उंची मोठ्यात मोठ्या मालाची, वादळाचा वारा खालून उचलणार, खाली ट्रक पेटला तर वर काय होणार, हेलिकॉप्टरने जखमी न्यायचा तर उतरणार कुठे. स्टील आणि काँक्रीटचाच खर्च एवढा होतो की पॅनेल त्यात फुटकळ वाटायला लागतात. दक्षिण कोरियात देजॉन आणि सेजोंगच्या मधल्या हायवेला मधोमध सायकल ट्रॅक आहे आणि त्यावर सोलरचं छप्पर, ते जमलं कारण खाली फक्त सायकली आहेत, हलकं छप्पर पुरतं. (मधोमध सायकल चालवायला मजा येत असेल का हा प्रश्न वेगळा, दोन्हीकडून गाड्यांचा आवाज!)

प्रश्न : विश्रांतीथांब्यावर पार्किंगच्या वर सोलर घालून इलेक्ट्रिक गाड्या चार्ज होतील का?

उत्तर : थोड्या. दहा गाड्यांच्या पार्किंगवर 125 चौरस मीटर छत धरा, त्यावर 25 किलोवॅटचे पॅनेल बसतात, बऱ्या उन्हात दिवसाला 100 युनिट. एका कारला 200 किलोमीटर पुढे जायला 30 ते 40 युनिट लागतात. म्हणजे दिवसभराच्या उन्हात तीन गाड्या. 150 किलोवॅटचा एकच फास्ट चार्जर पूर्ण जोरात चालला तर ती 100 युनिट 40 मिनिटांत संपवतो. त्यामुळे 'सूर्यावर चालणारं चार्जिंग स्टेशन' असा बोर्ड दिसला तरी मागे ग्रिडची जाड केबल आहेच असं समजा. छत घालू नये असं नाही, सावली मिळते, गाडीचा एसी कमी चालतो. फ्रान्सने तर 2023 च्या कायद्याने 1500 चौरस मीटरच्या वरच्या पार्किंगच्या निम्म्या जागेवर सोलर छत सक्तीचं केलं होतं. पण हिशोब करताना थांब्यामागच्या चार-पाच एकराचा करा, तिथे एक मेगावॅट बसतं, दिवसाला 4000 युनिट.

प्रश्न : दिव्याच्या खांबावर वर छोटा पंखा आणि सोलर, असे खांब दिसतात. चांगले असतात का?

उत्तर : सोलरचा भाग चांगला. पंखा बहुतेक ठिकाणी शोभेचा, समुद्रकाठ किंवा घाटमाथा सोडून, आणि त्याच्या थरथरीने खांबाचे नटबोल्ट ढिले होतात.

प्रश्न : मोठ्या पवनचक्क्या हायवेजवळ चालतील का?

उत्तर : चालतात की. फक्त त्यांना गाड्यांच्या वाऱ्याचं काही देणंघेणं नाही, त्या वरचा खरा वारा घेतात. पडली तर रस्त्यावर येणार नाही एवढं अंतर ठेवावं लागतं, थंड प्रदेशात पात्यावरचा बर्फ उडतो तेही बघावं लागतं. हायवेचा फायदा होतो तो आणण्यात, 60-70 मीटरचं पातं अरुंद रस्त्याने वळवून बघा.

प्रश्न : मी रस्ते बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर आहे. ग्रिडला विकण्यापेक्षा हायवेची वीज हायवेनेच वापरावी असं आमचे साहेब म्हणतात. दिवे तर रात्री लागतात, मग दिवसा वापरणार कुठे?

उत्तर : बोगद्यात. इथे बहुतेक जण फसतात, त्यांना वाटतं बोगद्याला रात्री जास्त लाइट लागते. उलट आहे. भर उन्हातून आत शिरताना डोळे एकदम अंधाराला सरावत नाहीत, तोंड काळ्या भोकासारखं दिसतं, म्हणून आत शिरल्या शिरल्या पहिल्या शे-दीडशे मीटरला प्रचंड उजेड ठेवावा लागतो, आणि बाहेर ऊन जेवढं कडक तेवढा आतला उजेड जास्त. ढग आले की तो कमी करतात, रात्री तर अगदीच कमी. म्हणजे सोलर जेव्हा जास्त वीज देतं नेमकं तेव्हाच या दिव्यांना ती जास्त लागते, बॅटरीशिवाय इतकी जमणारी जोडी हायवेवर दुसरी नाही. वर दिवसाची वाहतूक जास्त त्यामुळे पंखेही दिवसाच जास्त चालतात. पॅनेल बोगद्याच्या तोंडाजवळच्या उतारावर बसले तर केबलही आखूड. फक्त डोंगराची सावली कुठल्या महिन्यात किती वाजता पडते ते आधी बघा, आणि साहेबांकडे जाताना बोगद्याचं महिन्याचं एकूण बिल नेऊ नका, तासातासाचा लोड मागून घ्या आणि शिरण्याच्या भागातले दिवे वेगळे काढून दाखवा, रात्रीच्या दिव्यांसाठी ग्रिड लागणारच हेही त्यातच लिहा.